ओला कचरा घरातच जिरवायचा तर: पाचोळा आधी, डबा नंतर

शाश्वत राहणीच्या नावाखाली सध्या बरंच काही विकलं जातं. बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, तागाच्या पिशव्या. घरात धडधाकट असलेला प्लॅस्टिकचा डबा फेकून त्या जागी काचेचा आणण्यात कोणाचं भलं होतं, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ‘सुरुवात कुठून करू?’ असं कोणी विचारलं की मी ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवते. ओल्या कचऱ्याचं खत करणं भाड्याच्या घरात जमतं, घरमालकाला विचारावं लागत नाही, खर्च नावापुरता, आणि दोन-अडीच महिन्यांत हातात काहीतरी पडतं.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग ओला असतो. चौघांच्या घरातून रोज अर्धा ते एक किलो निघतोच. हा ओला माल डेपोवर ढिगाखाली गाडला गेला की त्याला हवा मिळत नाही, तो नुसता सडतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि पेटतोही. मुंबईत 1927 पासून कचरा रिचवणाऱ्या देवनारला जानेवारी 2016 च्या अखेरीस लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं कुठे गेला हे फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांना विचारा. तेच देठ, तीच सालं डब्यात हवा खेळती ठेवून कुजवली तर मिथेन जवळजवळ होतच नाही. एवढं कारण मला पुरतं. आता कामाचं बोलू.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं वेगळं करा

डबा, कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विकतचं विरजण), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांपैकी काहीही विकत आणू नका. आठवडाभर फक्त तीन ठिकाणी कचरा टाकायची सवय लावा: ओला, सुका, आणि तिसरा सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेजचा, कागदात गुंडाळून. घरातली सगळी माणसं आणि स्वयंपाकाच्या मावशी या सवयीत आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

या आठवड्यात लक्षात येईल की ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक किती चोरपावलांनी शिरतं. कोथिंबिरीच्या जुडीचा रबर. सफरचंदावरचा स्टिकर. हारातला नायलॉनचा दोरा. पिना मारलेल्या चहाच्या पुड्या. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा असतो, सिंकमधून भाजीच्या सालांबरोबर डब्यात जातो, आणि खत तयार झाल्यावर जसाच्या तसा, पांढरा-निळा, चाळणीवर येऊन बसतो. पिशवी कापताना कोपरा तोडून काढू नका, चीर देऊन लटकता ठेवा. पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाका.

सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ दिलात तर तो वेचणाऱ्या ताईंच्या मिळकतीत फरक पडतो. पुण्यात ज्यांच्या घरी ‘स्वच्छ’च्या ताई येतात त्यांना हे माहीत असेल: 2008 मध्ये सुरू झालेली ही सहकारी संस्था कचरावेचकांची स्वतःचीच आहे, आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे त्यांच्या घरात जातात. आमटीत भिजलेला पुठ्ठा कोणी घेत नाही.

दुसरी पायरी: पाचोळा जमवा

नवखी माणसं इथेच घाई करतात. खत करायचा महागडा संच येतो, पहिल्या दिवशी हौसेने साली पडतात, चौथ्या दिवशी दुर्गंधी, आठव्या दिवशी घरातून ओरड आणि संच माळ्यावर. दोष संचाचा नसतो. घरात कोरडा माल नसतो.

कुजवण्याचं काम करणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजन लागतो तसा कार्बनही लागतो. साधारण 25 ते 30 भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन हे प्रमाण त्यांना मानवतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या मालात हे प्रमाण बरंच कमी, 15 ते 20 च्या आसपास असतं, शिवाय पाणी भरपूर. वाळलेल्या पानांत कार्बन मुबलक असतो. पाचोळा कार्बनची भर घालतो, जास्तीचं पाणी शोषतो आणि मालात हवेला वाट ठेवतो. तिन्ही कामं एकटा करतो, फुकट.

मिळतो कुठे? फेब्रुवारी ते एप्रिल कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात, बागेबाहेर, रस्त्याकडेला. शिरीष आणि रेन ट्रीची बारीक पानं सर्वांत सोयीची, चुरायचीही गरज नसते. पिंपळ आणि देशी बदामाची पानं चांगली, पण हाताने चुरून घ्या. आंब्याचं पान चिवट, वेळ घेतं. निलगिरीची पानं टाळा. झाडणाऱ्या काकांना सांगून ठेवलंत तर ते आनंदाने गोणी भरून देतात, नाहीतर बहुतेक ठिकाणी ती पानं कोपऱ्यात पेटवली जातात. खरं तर उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये त्यासाठी 5,000 रुपयांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपयांचा दंड ठरवून दिला. तरी मार्च महिन्यात सकाळी फिरायला निघा, धूर दिसेलच. पुण्यात पानं जास्त असणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून देणारा ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम याच कारणाने उभा राहिला.

गोणी भरून आणली की उन्हात पसरून खडखडीत वाळवा, पायाने तुडवून चुरा करा आणि पुन्हा गोणीत दाबून भरा. अशी चुरलेल्या पाचोळ्याची एक भरलेली गोणी चौघांच्या घराला महिना-दीड महिना आरामात जाते. पावसाळ्यात वाळलेलं पान मिळत नाही, त्यामुळे जूनच्या आधी तीन-चार गोण्या कोरड्या जागी ठेवल्या की चार महिने निर्धास्त.

पाचोळा मिळतच नसेल तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि खोकी हाताने फाडून वापरा, चिकटपट्टी काढा. सुताराकडचा भुसा चालतो, पण सागवान, आंबा अशा अस्सल लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात गोंद-रसायनं असतात, तो नको. भुशात कार्बन फारच जास्त असल्याने तो पाचोळ्याच्या निम्माच घ्या. कोकोपीटची वीट ही शेवटची सोय: काम चोख करते, पण दर महिन्याला पैसे घालून कचरा जिरवणं मला पटत नाही. उसाच्या रसवाल्याकडची चिपाडं उन्हात वाळवून बारीक तोडली तर उत्तम. गच्चीवर शेती करणारे ती कधीपासून वापरत आले आहेत.

तिसरी पायरी: डबा

रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या, झाकणासकट, तीन. रंगवणाऱ्या कारागिराकडे किंवा भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. ऑइल पेंटच्या नकोत. पाण्यात धुतल्या जाणाऱ्या रंगाच्या घ्या आणि घासून स्वच्छ करा. चारही बाजूंनी, हाताच्या चार-चार बोटांवर, पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. ड्रिल नसेल तर पेचकस तापवून पाडता येतात, फक्त खिडकी उघडी ठेवा. तळाला पाच-सहा भोकं. आतून भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे चिकटवलेत तर माश्यांचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

मातीच्या तीन मडक्यांचा एकावर एक ठेवायचा संच दिसायला देखणा असतो आणि माती ओल शोषते म्हणून कामही छान करतो. पैसे आणि जागा असेल तर जरूर घ्या. मडकं फुटतं एवढंच लक्षात असू द्या. ‘चोवीस तासांत खत’ म्हणून विजेवरची यंत्रं विकतात, त्यांच्या मात्र नादी लागू नका. ती कचरा तापवून, वाळवून, दळून देतात. निघतो तो वाळका चुरा. कुजणं बाकीच असतं. कुंडीत घालून पाणी दिलं की ते तिथे सुरू होतं आणि मुळांना त्रास देतं.

बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनी थाळी. जागा सावलीची, पाऊस थेट न येणारी. सुकवायच्या बाल्कनीचा कोपरा पुरतो. बाल्कनीच नसेल तर ओट्याखालीही चालतं, मात्र तिथे पाचोळ्याचा हात सढळ हवा.

चौथी पायरी: भरायला सुरुवात

तळाला नारळाच्या शेंड्या किंवा विटांचे तुकडे, त्यावर चार बोटं पाचोळा. त्यावर कोणाकडचं तयार खत किंवा बागेतली माती दोन मुठी. गावाकडून शेण मिळालं तर अर्धी मूठ. काहीच नसेल तर वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडा. कुजवणारे जीव सालांवर आणि पानांवर आधीपासून असतात. विरजण लावल्याने काम लवकर पकड घेतं एवढंच. बाजारातलं कल्चर घेतलं नाही तरी अडत नाही.

मग रोज रात्री ओटा आवरताना हे करा. दिवसभराचा ओला कचरा आधी चाळणीत निथळू द्या, कारण सिंकमधून काढलेला चोथा पाणी घेऊन येतो. मोठे तुकडे विळीने बारीक करा: कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ, कलिंगडाची साल. बादलीत टाका, वर तेवढाच किंवा थोडा जास्त पाचोळा. मोजमाप वाटीने, वजनाने नव्हे. वरून काहीही ओलं दिसता कामा नये, हा एकच नियम डोक्यात पक्का ठेवा. झाकण लावा. दोन-तीन दिवसांतून एकदा जुन्या उलथण्याने वरखाली करा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

चार-पाच दिवसांनी झाकण काढून हात वर धरा. तळव्याला किंचित ऊब लागेल, झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब असतील, आणि सालांच्या कडांवर पांढरी कापसासारखी बुरशी. ती बघून घाबरू नका, काम चालू झाल्याची खूण आहे. लहान बादलीत उष्णता मोठ्या ढिगाइतकी चढत नाही, म्हणून वेळ थोडा जास्त लागतो.

काय टाकायचं यावर अनेकांचा गोंधळ होतो. भाजी-फळांची सालं, चहा-कॉफीचा चोथा, नारळाचा चोथा, अंड्याची कवचं चुरून, शेंगांची टरफलं, दोरा काढलेलं निर्माल्य बिनघोर टाका. लिंबा-संत्र्याच्या साली रोजच्याइतक्या चालतात, सरबताच्या दिवशीचा ढीग नको. शिळी पोळी, उरलेला भात मूठभर, कोरड्यात नीट पुरून. तेलकट रस्सा, दूध, दही ओतू नका. मासे आणि मटण पहिले सहा महिने तरी नको. रोज मासळी खाणाऱ्या कोकणातल्या नि गोव्यातल्या घरांनी बाजारातूनच साफ करून आणावी, हे सोपं. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वर्षभरातही कुजत नाहीत. कोयी वाळवून वेगळ्या ठेवा. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्याही टाकू नका. त्यांना कारखान्यातल्या मोठ्या ढिगाची उष्णता लागते, आपल्या बादलीत त्या तशाच राहतात.

साधारण तीन-चार आठवड्यांत बादली भरेल. रोज भरतेय आणि तरी पातळी वाढत नाही असं वाटेल, कारण माल आत बसत जातो. भरली की वर चार बोटं पाचोळा घालून झाकून बाजूला ठेवा, तारीख लिहा आणि दुसरी सुरू करा. तिसरी भरत येईपर्यंत पहिली तयार झालेली असते.

बिघडलं तर

आंबट, कुजका वास आला म्हणजे ओल जास्त झाली आणि हवा संपली. सगळं परातीत काढा, दोन मोठ्या वाट्या पाचोळा मिसळा, तास-दोन तास पसरून ठेवा, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी वास गेलेला असतो. नाकाला झोंबणारा, गोठ्यात येतो तसा वास असेल तर नायट्रोजन जास्त झालाय. औषध तेच: पाचोळा.

ओल बरोबर आहे का हे हाताने कळतं. मूठभर माल घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब निघाला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर ठीक. धार लागली तर पाचोळा, भुगा होऊन सांडला तर पाण्याचा हबका. काळ्या मुंग्यांनी घर केलं असेल तर समजा आत कोरडं पडलंय.

अळ्या दिसल्या की अर्धी माणसं सोडून देतात, म्हणून थोडं सविस्तर. बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, मळकट-करड्या रंगाच्या, वळवळणाऱ्या अळ्या बहुतेक वेळा ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’च्या असतात. ही लांबट काळी माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात, नंतर कोष करायला स्वतःच कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. तेव्हा त्या बाल्कनीभर फिरतात, हे किळसवाणं आहे हे मान्य. नको असतील तर शिजवलेलं अन्न पंधरा दिवस बंद, पाचोळ्याचा वरचा थर जाड, झाकण घट्ट. जवळ कुठे झाडाचा पार असेल तर अळ्या तिथे सोडा, साळुंक्या उचलतात.

चिलटं केळ्या-आंब्याच्या सालांवरून येतात. सालं खोल पुरा आणि बादलीच्या तोंडावर ओला न होणारा वर्तमानपत्राचा जाड थर ठेवा. झुरळं, उंदीर येत असतील तर शिजवलेलं अन्न पूर्ण बंद करणं एवढा एकच उपाय.

थाळीत जमणारं तपकिरी पाणी ओतू नका. दहापट पाणी घालून शोभेच्या झाडांना देता येतं. खाण्याच्या पालेभाजीवर मात्र नको. हे पाणी रोज जमत असेल तर पाचोळा कमी पडतोय.

पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने पाचोळ्याचं प्रमाण दीडपट करा. गावाला जाताना शेवटचा कचरा टाकून वर सहा बोटं पाचोळा घाला आणि निवांत जा. पंधरा दिवसांत काही बिघडत नाही. गणपतीत आणि सत्यनारायणाला एकदम खूप हिरवं येतं: दुर्वा, पत्री, केळीचे खांब. खांब चकत्या करून दोन-तीन दिवस वाळवा, मग थोडे थोडे टाका. एका दिवसात सगळं कोंबू नका.

तयार झालं का?

रंग गडद तपकिरी, वास पहिल्या पावसाच्या मातीचा, हाताला गार, आणि कशाची साल होती ते ओळखू येत नाही. खात्रीसाठी मूठभर ओलसर खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर आणखी दोन आठवडे थांबा. बांधकामावरच्या वाळूच्या चाळणीने चाळा. वर राहिलेलं जाडं-भरडं नव्या बादलीच्या तळाला विरजण म्हणून घाला. मूळ मालाच्या साधारण चौथाई-पाचवा भाग हाती लागतो.

निव्वळ खतात झाड लावू नका. एक भाग खत, दोन-तीन भाग माती. लागलेल्या कुंडीला महिन्याला मूठ-दोन मुठी, वरची माती उकरून. काही दिवसांत न पेरलेली टोमॅटोची, भोपळ्याची, मिरचीची रोपं उगवतील, कारण आपल्या बादलीच्या उबेत बिया मरत नाहीत. हवी तर वाढवा, नाहीतर उपटा. घरात कुंड्याच नसतील तर सोसायटीच्या माळीकाकांना द्या. ते कधी नाही म्हणत नाहीत.

सोसायटीकडे जायचं असेल तर

आधी स्वतःच्या तीन बादल्यांचा एक फेरा पूर्ण होऊ द्या. मग खताची वाटी घेऊन सेक्रेटरींकडे जा, पत्रक घेऊन नको. वास नसलेलं खत हातात घेऊन बघितलं की अर्ध्या शंका विरतात.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी त्या वेळी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरवलं, आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना करात 5 ते 10 टक्के सवलत देत आली आहे. तुमच्या पालिकेत काय मिळतं ते वॉर्ड ऑफिसात विचारा. पण मीटिंगमध्ये कायद्याने सुरुवात केलीत तर निम्मे लोक तिथेच आडवे जातात.

पहिली मागणी अगदी लहान ठेवा: आवारातल्या पानांसाठी कोंबडी-जाळीचं तीन फूट बाय तीन फुटांचं एक कुंपण. पानं जाळणं त्या दिवसापासून बंद होतं, आणि ज्यांना घरी करायचंय त्यांना पाचोळा हाताशी मिळतो. ते वर्षभर चाललं की मगच खताच्या सामायिक टाक्यांचा ठराव आणा. त्या ठरावात विटांच्या टाक्यांचा खर्च सगळेच लिहितात. रोज थर देणारा माणूस कोण, त्याला महिन्याला किती द्यायचे आणि तो रजेवर असताना कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. पुण्या-मुंबईतल्या किती तरी इमारतींच्या मागच्या बाजूला कुलूप लागलेल्या टाक्या दिसतात, त्या या तीन ओळी नसल्यामुळे.